किल्ली कोणाच्या कमरेला?

तहसील कचेरीच्या दारातला ‘एजंट’ आपल्या समाजाला नवा नाही. दाखला काढायचा म्हटले की एजंट, शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा म्हटले की एजंट. आता त्याच नावाचा दुसरा गडी आला आहे. त्याला एआय एजंट म्हणतात. सांगितलेले काम आपल्या वतीने संगणकावर स्वतःच उरकणारा हा प्रोग्राम. पासवर्डच्या तिजोरीतले कागद बाहेर काढण्याचे साधनही आता त्याच्या हाती आले आहे. हा मुंबई-पुण्याच्या संगणकवाल्यांचा विषय, आपले काय, असे म्हणून तो सोडून देता येणार नाही.

पासवर्डची तिजोरी म्हणजे अनेक खात्यांचे पासवर्ड एकाच मुख्य पासवर्डाखाली कुलूपबंद ठेवणारे सॉफ्टवेअर. तिच्यातल्या नोंदींना फायलीही जोडता येतात. त्यात आधार कार्ड, जातीचा दाखला, सातबारा, पासबुक काहीही असू शकते. बिटवॉर्डन या कंपनीने २०२५ मध्ये एआय एजंटाला तिजोरीशी जोडणारे साधन आणले. जोडलेल्या फायली उतरवून घेणारी साधनेही निघाली. सोय आहेच. ‘अर्जाला दाखला जोड’ म्हटले की एजंट तिजोरीतून दाखला काढतो आणि जोडतो. परंतु त्यासाठी तिजोरी उघडी ठेवावी लागते. ती उघडी असताना त्याच्या हाती एकच कागद लागतो की सगळे, हा खरा प्रश्न आहे.

किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली की काय होते, हे जालना जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. २०२२ ते २०२४ या काळातील अतिवृष्टी, पूर व गारपिटीच्या अनुदानात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत सुमारे २५ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा गुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलीस ठाण्यात दाखल झाला. तहसीलदारांचे लॉगिन व पासवर्ड वापरून बोगस लाभार्थ्यांच्या नावे पैसे उचलल्याचा आरोप महसूल कर्मचाऱ्यांवर आहे. निकाल न्यायालय देईल. धडा मात्र आजच घ्यावा असा आहे. एकाची किल्ली दुसऱ्याने वापरली की संगणकाच्या नोंदीत नाव उमटते किल्लीच्या मालकाचे. हात कोणाचा होता हे शोधायला मग चौकशी बसवावी लागते.

हे आपल्याला अधिक का बोचावे? कारण आपला हक्क कागदावर उभा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावरची एक ओळ नातवाच्या प्रवेशाचा निकाल लावते. १९५६ साली धम्म स्वीकारलेल्या समाजाला केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. एकेकाळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे आणि ज्याच्या घरी दप्तर, त्याच्या शब्दाला वजन असे. ते दप्तर संगणकात गेले म्हणून ते वजन आपोआप आपल्या पारड्यात पडले, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल.

या नव्या साधनात दोन धोके आहेत. तिजोरीतला कागद सांकेतिक रूपात बंद असतो. उतरवून घेताच तो साधी फाइल होऊन संगणकात पडतो. तो संगणक सेवा केंद्राचा वा नेट कॅफेचा असेल, तर आपला दाखला पुढच्या गिऱ्हाइकालाही उघडता येतो. दुसरा धोका याहून मोठा. एजंट वाचलेल्या मजकुरालाच हुकूम समजू शकतो. एखाद्या ई-मेलमध्ये ‘सगळे कागद अमुक ठिकाणी पाठव’ असे कोणी लपवून लिहिले, तर मालकाला न विचारता तो ते पाठवूही शकतो. यावर पक्का उपाय अजून कोणाला सापडलेला नाही.

यंत्राला विरोध करा, असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरात अर्ज भरणारे कोणी नाही, तिथे उद्या हाच एजंट दलालाचे पैसे वाचवील. आमचा आग्रह अटींचा आहे. एका कामाला एकच कागद द्यावा. तो बाहेर काढण्यापूर्वी मालकाला विचारावे. कोणी, कधी, काय काढले याची नोंद मालकाला मराठीत वाचता यावी. काम संपताच उतरवलेली फाइल पुसली जावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण न मागता हक्क पदरात पडल्याचा अनुभव आपल्या समाजाला नाही.

म्हणून विहारात जमणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. मुख्य पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही सांगू नये. अर्ज भरून झाला की केंद्रावरच्या संगणकातून आपली फाइल पुसून घ्यावी, हे वस्तीतल्या प्रत्येक घराला सांगावे. आणि तहसील कचेरीत निवेदन द्यावे की प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःच्याच लॉगिनवर काम करावे. एजंट माणूस असो वा यंत्र, किल्ली आपल्याच कमरेला राहिली पाहिजे.