चूक सांगा, पण नीट सांगा!

परवा एक ऑनलाइन फॉर्म भरत होते. नाव, पत्ता, पिन कोड, मोबाइल... सगळं ओके. शहराच्या रकान्यात इमानेइतबारे इंग्रजीत ‘छत्रपती संभाजीनगर’ टाइप केलं, सबमिट दाबलं आणि वर लाल अक्षरांत झळकलं, ‘इनव्हॅलिड इनपुट’. बस्स, एवढंच! कुठलं इनपुट? काय चुकलं? काही पत्ता नाही. मग मी मोबाइल नंबर पुन्हा टाकला, ईमेल तपासला, जन्मतारखेतल्या रेघा काढून तिरप्या रेषा दिल्या. तब्बल अर्ध्या तासाने ट्यूब पेटली. आपल्या शहराचं नाव इंग्रजीत लिहिलं तर स्पेस धरून २५ अक्षरं होतात आणि त्या रकान्याला २० च्या वर चालत नव्हतं. ‘औरंगाबाद’ची १० अक्षरं त्यात ऐसपैस बसायची. २०२३ मध्ये शहराचं नाव बदललं, पण या फॉर्मला ते कुणी कळवलंच नव्हतं.

हा सगळा किस्सा मी कॅनॉटला चहा पिता पिता एका मैत्रिणीला तावातावाने सांगत होते. मैत्रीण सॉफ्टवेअरवाली. कंपनी पुण्याची, पण घर सिडकोत आणि ऑफिस घरातल्याच टेबलावर. मला वाटलं, ती खो खो हसेल. ती गप्पच झाली. मग म्हणाली, ‘‘असाच एक मेसेज मी पण लिहिलाय गं. आणि त्यापायी एक पोरगं नोकरी सोडायला निघालं होतं.’’

आता बोला!

पत्रिकेचा साचा

किस्सा समजायला ‘मॅक्रो’ म्हणजे काय ते कळायला हवं. घाबरू नका, मलाही चहाच्या दुसऱ्या कपात कळलं.

लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे साचा तयार असतो. ‘आमचे येथे श्री कृपेकरून’पासून ‘आपले नम्र’पर्यंत सगळा मजकूर त्याच्याकडे पाठ. तुम्ही फक्त एका कागदावर वधू-वरांची नावं, तारीख, मुहूर्त आणि हॉलचा पत्ता द्यायचा. बाकीची पत्रिका तो साच्यातून काढतो. मॅक्रोचं काम हेच. प्रोग्रॅमरने चार ओळी लिहायच्या आणि मॅक्रोने त्यातून चारशे ओळींचा कोड तयार करायचा. आणि ही छपाई कधी होते? प्रोग्रॅम चालायच्या आधी, कंपायलर कोड वाचत असतानाच. म्हणून ‘कंपाइल टाइम’.

आता समजा, तुम्ही दिलेल्या कागदावर मुहूर्ताच्या जागी चुकून हॉलचं नाव गेलं. प्रेसवाला दोन प्रकारे फोन करू शकतो. एक : ‘‘साहेब, पत्रिकेत गडबड आहे.’’ दोन : ‘‘साहेब, तुमच्या कागदावर तिसऱ्या ओळीत वेळ पाहिजे होती, तिथे हॉलचं नाव आलंय.’’ पहिला फोन आला की घरात भांडणं सुरू! दुसरा आला की एका मिनिटात काम खतम.

माझ्या मैत्रिणीचा मॅक्रो पहिल्या प्रकारचा प्रेसवाला होता.

दोन दिवस आणि दोन अवतरणचिन्हं

टीममध्ये एक नवा मुलगा आला होता. पहिलीच नोकरी, सहा महिन्यांचं प्रोबेशन. त्याला रस्ट या भाषेतली एक मोठी यादी भरायची होती. चाळीसेक नोंदी, प्रत्येकीपुढे सेटिंग्ज. यादीच्या डोक्यावर एका ओळीत मैत्रिणीच्या मॅक्रोचं नाव. एका नोंदीत ३० हा आकडा हवा होता, पठ्ठ्याने तो अवतरणचिन्हांत लिहिला. माणसाला दोन्ही सारखंच दिसतं. कंपायलरला मात्र एक संख्या असते आणि दुसरं अक्षरांचं नुसतं गाठोडं.

मॅक्रोला संख्या मिळाली नाही आणि तो जागच्या जागी कोसळला. स्क्रीनवर आलं ते साधारण असं : ‘मॅक्रो पॅनिक झाला, रिकाम्या किमतीवर अनरॅप केलं.’ लाल रेघ कुठे? यादीच्या डोक्यावर, मॅक्रोच्या नावाखाली. चूक पस्तीस ओळी खाली, आणि बोट दाखवलंय पहिल्या ओळीकडे!

पोरगं दोन दिवस त्या पहिल्या ओळीकडे बघत बसलं. कंपायलर काढून पुन्हा टाकला. नोंदी पुसून पुन्हा लिहिल्या, त्याच अवतरणचिन्हांसकट. सकाळच्या मीटिंगमध्ये ‘‘चालू आहे मॅम’’ म्हणत राहिला. तिसऱ्या दिवशी रात्री त्याचा मेसेज आला, ‘‘मॅम, मला वाटतं हे काम मला जमणार नाही. सॉरी.’’

‘‘मी त्याची फाइल उघडली,’’ मैत्रीण सांगत होती, ‘‘दहा मिनिटांत चूक सापडली. पण ती मला सापडली, कारण मॅक्रो मी लिहिला होता. ‘अनरॅप’ मी लिहिलं होतं. म्हणजे ‘इथे काहीच चुकणार नाही’ असं मी गृहीत धरलं होतं. आणि त्या आळसाचं बिल त्याच्या नावावर फाटलं.’’

चुकीच्या तीन जागा

मला एक कळेना. कंपायलर एवढा हुशार, मग त्याला चुकीची नेमकी जागा का सांगता येत नाही?

‘‘कॉलेजातलं टर्बो सी आठवतं का?’’ तिने उलट विचारलं. मी नव्हते त्या वाटेला गेले, पण इंजिनिअरिंगवाल्यांना ती निळी स्क्रीन नक्की आठवेल. बाराव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम विसरा, टर्बो सी तेराव्या ओळीवर ओरडायचा. बिचाऱ्याचा दोष नाही. कोड वाचणारा भाग, म्हणजे पार्सर, एकेक शब्द उचलत पुढे जातो. बारावी ओळ संपली तरी वाक्य संपलं की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. तेराव्या ओळीचा पहिला शब्द हातात आला की तो दचकतो : अरे, हा इथे कसा? थोडक्यात, चूक होते ती जागा वेगळी आणि चूक लक्षात येते ती वेगळी.

मॅक्रो आला की यात तिसरी जागा वाढते. साच्यातून बाहेर पडलेला कोड! तो तुम्ही लिहिलेलाच नसतो. कंपायलर त्या कोडबद्दल तक्रार करतो आणि तुम्ही डोकं खाजवता, की बाबा रे, ही ओळ माझ्या फाइलमध्ये आहे तरी कुठे?

मॅक्रो काही कालची गोष्ट नव्हे. लिस्प भाषेत ते १९६३ मध्येच आले. आपल्याकडे कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या कित्येक बॅचेस आयआयटी मुंबईच्या प्रा. धनंजय ढमढेरे यांच्या ‘सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या पुस्तकावर पास झाल्या. त्यात मॅक्रोंवर अख्खं प्रकरण आहे. मॅक्रोच्या नावांचा तक्ता, व्याख्यांचा तक्ता, साचा कसा उलगडतो... मैत्रिणीनेही ते तोंडपाठ केलं होतं. ‘‘परीक्षेत मॅक्रो उलगडून दाखवा म्हणायचे,’’ ती म्हणाली, ‘‘समोरच्याचं इनपुट चुकलं तर त्याला काय सांगाल, हा प्रश्न मला कधी आलाच नाही.’’

बड्या कंपायलरांनाही हे शहाणपण हळूहळूच आलं. जगभर वापरला जाणारा जीसीसी घ्या. चुकलेली ओळ छापून तिच्याखाली बाण दाखवायला आणि ‘ही चूक अमुक मॅक्रो उलगडताना आली’ अशी साखळी आपणहून सांगायला त्याने सुरुवात केली ती ४.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ मध्ये. रॅकेट भाषेच्या मंडळींनी त्याआधी, २०१० मध्ये, मॅक्रोला मिळणारं इनपुट आधीच पारखून चूक वापरणाऱ्याच्या भाषेत सांगायची पद्धत मांडली होती. आणि रस्टमध्ये २०१७ पासून ‘कंपाइल एरर’ नावाचा एक छोटा मॅक्रोच मिळतो. कोसळून पडण्याऐवजी मॅक्रो त्याच्यातर्फे आपला मेसेज आपल्या शब्दांत कंपायलरच्या तोंडी घालू शकतो.

शनिवारची दुरुस्ती

तर मैत्रिणीने एक शनिवार काढला आणि मॅक्रोला बोलायला शिकवलं. काय काय केलं, ते तिच्याच क्रमाने :

पहिलं, जागा. रस्टमध्ये मॅक्रोच्या हाती येणाऱ्या प्रत्येक शब्दाला एक पत्ता चिकटलेला असतो. त्याला ‘स्पॅन’ म्हणतात. कुठल्या फाइलमधला, कितव्या ओळीतला, कितव्या अक्षरापासूनचा. आधीचा मॅक्रो हा पत्ता फेकून द्यायचा. आता तो चुकीसोबत पुढे पाठवतो. ‘सिन’ नावाच्या लायब्ररीत यासाठी तयार सोय आहे. लाल रेघ आता थेट त्या ‘३०’च्या खाली येते.

दुसरं, शब्द. ‘अवैध’, ‘गडबड’, ‘पॅनिक’ सगळं बंद. काय हवं होतं आणि काय मिळालं, हे दोन्ही सांगायचं. ‘इथे संख्या हवी, अक्षरं मिळाली. अवतरणचिन्हं काढून बघा.’ एका ओळीत निदान आणि औषध दोन्ही!

तिसरं, सगळ्या चुका एकदम. आधी मॅक्रो पहिल्या चुकीला थांबायचा. ती दुरुस्त करा, पुन्हा चालवा, मग दुसरी चूक. सरकारी खिडकीवर आधी झेरॉक्स मागतात, ती आणली की फोटो, फोटो आणला की तिकीट... तसलाच प्रकार! आता मॅक्रो चाळीसही नोंदी तपासतो, चुका गोळा करतो आणि यादी एकदाच हातात ठेवतो.

चौथं, खोट्या चुका दाबणं. हे मला सगळ्यात भारी वाटलं. मॅक्रो नुसता चूक सांगून थांबला आणि त्याने कोड दिलाच नाही, तर त्या कोडवर विसंबलेली प्रत्येक जागा बोंबलायला लागते. एका खऱ्या चुकीमागे पंचवीस खोट्या. नवा माणूस त्या पंचवीसांतच बुडतो. म्हणून चूक सापडली तरी मॅक्रो आता एक पोकळ, नावापुरता कोड सोबत देतो. कंपाइल काही होत नाही, पण ओरडते ती फक्त खरी चूक.

आणि पाचवं, परीक्षा. कोड बरोबर चालतो की नाही, याची टेस्ट सगळेच लिहितात. हिने चुकीच्या इनपुटची टेस्ट लिहिली. मुद्दाम चुकीची यादी द्यायची आणि येणारा मेसेज आधी जपून ठेवलेल्या मेसेजशी अक्षर न् अक्षर जुळतो का, ते बघायचं. ‘ट्रायबिल्ड’ नावाचं टूल नेमकं हेच करतं. पुढे कुणी मॅक्रोला हात लावला आणि मेसेज बिघडला, तर टेस्ट लगेच नापास!

‘‘एवढं सगळं एका मेसेजसाठी?’’ मी विचारलं.

‘‘मॅक्रो मी एकदा लिहिते,’’ ती म्हणाली, ‘‘त्याचा मेसेज वाचणारे किती असतील आणि रात्री किती वाजता वाचतील, सांगता येतं का?’’

आणि तो मुलगा?

सोमवारी मैत्रिणीने मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, की दोन दिवस वाया गेले ते माझ्या मॅक्रोमुळे. मग त्या मुलालाच काम दिलं : ‘‘आता मुद्दाम चुका कर. जमतील तितक्या. मेसेज कळला नाही की मला सांग.’’ त्याने एका दिवसात अकरा चुका करून दाखवल्या. त्यातल्या चारांचे मेसेज मैत्रिणीला पुन्हा लिहावे लागले! प्रोबेशन संपलं, पोरगं टिकलंय. परवा त्याने स्वतःचा पहिला मॅक्रो लिहिला. चुकीचे मेसेज आधी, बाकीचा कोड नंतर.

मी घरी आले. फॉर्मचा राग अजून डोक्यात होताच. लॅपटॉप उघडला आणि त्या वेबसाइटवाल्यांना मेल लिहायला घेतला : ‘तुमची साइट एकदम बंडल आहे. काही म्हणजे काही चालत नाही. लवकर नीट करा.’

पाठवणार, तेवढ्यात हात थांबला. हे काय लिहिलं मी? ‘इनव्हॅलिड इनपुट’च की! जागा नाही, काय हवं ते नाही, काय मिळालं ते नाही.

सगळं पुसलं आणि पुन्हा लिहिलं : ‘शहराच्या रकान्यात छत्रपती संभाजीनगर हे नाव इंग्रजीत भरलं, २५ अक्षरं. रकाना २० पेक्षा जास्त घेत नाही. मर्यादा वाढवावी. आणि तोवर निदान मेसेजमध्ये रकान्याचं नाव आणि मर्यादा तरी सांगावी.’

चार ओळी. राग कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं, ‘कळलं. बदलतो.’

या आठवड्यात ऑफिसात कुणाला ‘हे चुकलंय, परत कर’ असं लिहायला बोटं शिवशिवली, तर एवढंच बघा : कुठे, काय हवं होतं, काय मिळालं. तीन गोष्टी. समोरच्याची रात्र वाचेल.