मागचा दिवा कोणासाठी?

मोटारीचा मागचा दिवा चालकाला दिसत नाही. तो असतो मागून येणाऱ्यासाठी. म्हणूनच घरच्या घरी त्यावर काळी फिल्म चिकटविणे ही निव्वळ खाजगी हौस ठरत नाही. लाभ एकाचा आणि भार दुसऱ्यावर, अशा व्यवहारात खाजगी हिशेब समाजाच्या हिशेबाशी जुळत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली मांडले. ताशी ८० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. दिवा क्षणभर उशिरा दिसणेही जीवावर बेतू शकते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने नियमबाह्य फेरफार करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत.

परंतु हिंगोली जिल्ह्यात एवढ्याने भागणार नाही. गळीत हंगामात वसमतकडे जाणाऱ्या ट्रॉल्यांचे दिवे लोंबत्या उसाआड झाकले जातात. घरी तारा जोडण्याचे कसब येथे खरे उपयोगी आहे: मोळ्यांबाहेर लाल दिवा टांगावा, आणि तो पेटल्याखेरीज कारखान्याने ट्रॉली रस्त्यावर सोडू नये. दिव्याचा खर्च अल्प आहे. तो टाळण्याची किंमत मात्र भलताच कोणी मोजतो.