सुरमा, अर्क आणि अल्कोहोल

"तुमच्यात दारू हराम, मग अल्कोहोल हा शब्द अरबी कसा?" शाळेत मैत्रिणीने असे टोकले आणि आमची भाची हिरमुसून घरी आली. "मामू, खरंच अरबी आहे?" आहे, असे आम्ही सांगून टाकले आणि तिच्या नानीची सुरमेदाणी समोर ठेवली.

'अल-कुहल' म्हणजे सुरमा, डोळ्यांत घालायची वस्त्रगाळ पूड. युरोपात हा शब्द आधी कोणत्याही बारीक भुकटीला आणि पुढे पदार्थाच्या सत्त्वाला लावू लागले. सोळाव्या शतकात पॅरासेल्ससने तो द्राक्षाच्या दारूच्या सत्त्वाला लावला. म्हणजे नाव गेले ते सुरमेदाणीतून, दारूच्या पेल्यातून नव्हे.

भांड्याची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. वाफ धरून थंड करण्याची भांडी अलेक्झांड्रियाच्या ग्रीक किमयागारांकडे आधीच होती. अरबांनी ती 'अंबीक' म्हणून घेतली आणि सुधारली. नवव्या शतकात अल-किंदी यांनी अत्तरांवर ग्रंथ लिहिला, त्यात शंभरावर कृती आहेत. वाफ झाकणाला लागते आणि घामासारखी थेंबथेंब ठिबकते. अरबीत घामाला 'अरक' म्हणतात. आपल्या हकिमांचा अर्क तो हाच. तापवलेल्या दारूची वाफ पेट घेते, अशी नोंद जाबिर इब्न हय्यान यांच्या नावावरच्या ग्रंथांत आहे. ती लपवायची कशाला?

दारूचा अर्क औषध म्हणून रुजवला तो इटलीच्या वैद्यांनी, बाराव्या-तेराव्या शतकांत. त्यांनी त्याला 'जीवनजल' म्हटले. नावातच फसगत होती! छापखाना आल्यावर 1476 च्या सुमारास ऑग्सबर्गला व्हिएन्नाचे वैद्य मिखाएल पुफ फॉन श्रिक यांची अर्कांवरची जर्मन पुस्तिका निघाली. रोज सकाळी अर्धा चमचा हे पाणी घेणारा आजारी पडत नाही, असे तीत होते. लोक अर्ध्या चमच्यावर थोडेच थांबणार? 1496 मध्ये न्यूरेंबर्ग शहराला सणासुदीच्या दिवशी त्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली.

हिरोनिमस ब्रुनश्विग यांचा ग्रंथ 1500 साली स्ट्रासबर्गला छापला गेला. त्यात भर आहे तो झाडपाल्याच्या साध्या अर्कांवर. भट्ट्यांची आणि वनस्पतींची लाकडी ठशांची चित्रे आहेत, आणि मजकूर लॅटिनऐवजी बोलीत, जर्मनमध्ये.

भाचीने मोबाईलवर ती चित्रे मोठी करून पाहिली. दुसऱ्या दिवशी सुरमेदाणी दप्तरात घालून शाळेत घेऊन गेली. नानीला न विचारता, हे वेगळे सांगायला नको.