शब्दामागचा माणूस : बिनकोटाचा वकील

कोल्हापुरात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले आणि आमच्या हातकणंगले तालुक्यातही काळ्या कोटाचा भाव वधारला. मुलगा ‘लॉ’ झाला म्हटले, की समोरचा विचारतो, “मग आता बेंचपुढे उभा राहणार ना?” मुलगा म्हणाला, “नाही काका, कंपनीत लागलो,” की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. कोर्टात उभा न राहणारा वकील म्हणजे बिनमिठाचा पांढरा रस्सा, अशी आपली पक्की समजूत!

शब्दाचा इतिहास मात्र निराळे सांगतो. ‘वकील’ हा शब्द मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. त्याचा अर्थ, दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहणारा आपला माणूस. दिल्लीस हिंगणे घराणे होते, निजामाच्या दरबारी गोविंदराव काळे होते. भांडण्यापेक्षा भांडण टाळणे हे त्यांचे काम; आणि त्याहून अवघड काम म्हणजे धन्याला न रुचणारी बातमी वेळेवर लिहून धाडणे. आज बड्या कंपन्यांत बसणारा पगारी वकील हा या जुन्या वकिलाचा खरा वारस होय.

हा माणूस आपल्याला दिसत नाही; पण त्याचा कागद आपल्या दारी येतो. पुलाच्या शिरोलीची औद्योगिक वसाहत आमच्याच तालुक्यात. तिथल्या फौंड्र्यांतून मोटारी-ट्रॅक्टरांचे सुटे भाग ओतले जातात. बड्या कंपनीची मागणी आली, की तिच्यामागून कराराचा जाडजूड गठ्ठा येतो. माल सदोष निघाल्यास भरपाई कोणी द्यायची, पॅटर्न कोणाच्या मालकीचा, वाद झाल्यास लवाद कोणत्या शहरी बसायचा, बिलाचे पैसे किती दिवसांनी मिळायचे! कारखानदार बिचारा भट्टीकडे पाहील, की पोटकलमांकडे?

२००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणी झालेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. करारात जास्त मुदत लिहिली तरी ती चालत नाही. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. पण लहान कारखानदार गिऱ्हाईक तुटेल या भीतीने मागतो कुठे? अशा वेळी कंपनीच्या खरेदी खात्याला, “साहेब, नव्वद दिवस लिहू नका, हे बेकायदा आहे,” असे सांगू शकणारा एकच माणूस असतो. तो म्हणजे त्याच कंपनीचा पगारी वकील.

पूर्वी या वकिलाची किंमत बेताचीच असे. नोटिशीला उत्तर द्यावे, मोठा दावा आला की बाहेरच्या नामांकित वकिलाकडे कागद पोहोचवावेत, एवढाच त्याचा व्याप. हे चित्र पालटण्यात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे बेन हाइनमन यांचा मोठा वाटा आहे. १९८७ मध्ये ते तिचे मुख्य कायदा अधिकारी झाले आणि त्यांनी कंपनीच्या आतच पहिल्या प्रतीचे वकील जमवले. पुढे त्यांनी पुस्तकातून मांडले, की हा वकील धंद्याचा भागीदार असावा आणि कंपनीच्या सचोटीचा राखणदारही असावा. बोलायला सोपे; पण भागीदाराला ‘हो’ म्हणायचे असते आणि राखणदाराला कधी कधी ‘नाही’.

राखणदार झोपला तर काय होते? जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्ली फिरवण्याचे स्विच सदोष होते. ते चालत्या गाडीत जागचे घसरे, इंजिन बंद पडे आणि अपघातात एअरबॅग उघडत नसे. अपघातांचे दावे कायदा खात्याच्या टेबलावर येत होते आणि एकेक करून मिटवले जात होते. धोक्याची हाक मात्र वेळेवर वर पोहोचली नाही. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. पंधरा नोकरांना काढले, त्यांत कायदा खात्यातलेही होते. बैठकीत टिपणे घेतलेली वकिलांना आवडत नाहीत, असा काही नोकरांचा समज होता, हेही चौकशीत पुढे आले.

आपल्या घरचे उदाहरण इतके भीषण नाही, पण बोलके आहे. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या. कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. परंतु मानांकन मुख्यतः नावाला जपते आणि नाव तर वापरलेच नव्हते! जनहित याचिका उच्च न्यायालयाने जुलैत फेटाळली. तरीही लोकक्षोभ झाला, कंपनीने प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. ‘कायद्यात बसते का?’ एवढ्यावर हल्ली भागत नाही. ‘शोभते का?’ हा प्रश्नही कुणीतरी माल बाजारात जाण्याआधीच विचारावा लागतो.

तो विचारणाऱ्याच्या पाठीशी आपला कायदा कितपत उभा आहे? बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्ण वेळ पगारी नोकरी धरली, की वकिली थांबवावी लागते. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की वकील-अशिलाच्या गुप्ततेचे संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. युरोपच्या न्यायालयाचाही २०१० चा कौल असाच: ज्याचे पोट मालकाच्या हाती, तो पुरेसा स्वतंत्र नव्हे. तर्क खोटा नाही. पण परिणाम असा, की धोक्याची चिठ्ठी लिहावी तर ती उद्या कंपनीविरुद्धच पुरावा व्हायची. न लिहावी तर माणसे मरायची. मग ‘तोंडी सांगू’ असा मोह होतो, आणि तोंडी सांगितलेले हवेत विरते.

म्हणून, वाचकहो, यंदा फराळाला आलेला भाचा-पुतण्या कंपनीत वकील असेल, तर कोर्टात केव्हा उभा राहणार हे विचारू नका. “साहेबाला शेवटचे ‘नाही’ केव्हा म्हणालास आणि ते लिहून दिलेस का?” असे विचारा. त्याने तसे लिहून दिले असेल, तर शिरोलीच्या एखाद्या फौंड्रीवाल्याचे बिल पंचेचाळीस दिवसांत चुकते होईल आणि एखादी सदोष गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी थांबेल. कोट नसला तरी चालेल. त्याच्या ताटात एक करंजी जास्त वाढा!