पाणी दाराशीं येण्यापूर्वीं



थंडीच्या दिवसांत नृसिंहवाडीच्या घाटावर उभें राहिलें तर कृष्णा किती सौम्य दिसते! मार्गशीर्षांत दत्तजयंतीची यात्रा भरते, सकाळचें धुकें पाण्यावरून हळूहळू उठतें आणि पैलतीरीं औरवाडचीं घरें दिसूं लागतात. अशा वेळीं पुराचें नांव काढणें कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु माझें मत असें आहे कीं, पुराचा विचार करण्यास हीच वेळ योग्य होय. पाणी गल्लींत शिरूं लागलें म्हणजे विचारास उसंत राहत नाहीं.

आपलें गांव कोठें वसलें आहे हें आधीं नीट पाहूं. महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा कऱ्हाडास कोयनेला आणि सांगलीजवळ हरिपूर येथें वारणेला पोटांत घेऊन इकडे येते. दुसरीकडून कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचें पाणी घेऊन पंचगंगा येथेंच तिला मिळते. गगनबावड्यास किंवा राधानगरीस पडलेला पाऊस आपल्या अंगणांत पडत नाहीं, पण त्याचें पाणी आपल्याच अंगणावरून जातें. शिवाय कृष्णा तुडुंब असली म्हणजे पंचगंगेच्या पाण्यास पुढें वाट मिळत नाहीं. तें मागें फुगतें आणि शिरोळ तालुक्यांतील शेतांत पसरतें. म्हणून वाडीवर स्वच्छ ऊन पडलें असतांनाहि पाणी चढूं शकतें. आकाशाकडे पाहून निर्धास्त राहण्याची सोय येथें नाहीं.

मग पाहावें कोठें? कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट आहे. सांगलीस आयर्विन पुलाशीं कृष्णेच्या त्याच पातळ्या अनुक्रमें ४० व ४५ फूट आहेत. १८७५ सालीं स्थापन झालेलें हवामान खातें आज पिवळा, नारिंगी व तांबडा अशा रंगांनीं सूचना देतें: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे सिद्ध राहा, तांबडा म्हणजे कृति करा. पूर्वीं दवंडी पिटली जात असे. आतां ध्वनिक्षेपक फिरतो आणि सूचना थेट खिशांतल्या फोनवर येते. सूचना मिळत नाहीं ही तक्रार आतां फारशी उरलेली नाहीं. मिळालेली सूचना आपण मानीत नाहीं, ही खरी तक्रार आहे.

न मानण्याचें कारण मूर्खपणा नव्हे, अनुभव हेंच आहे. २००५ सालीं मोठा पूर आला. सांगलीस पाणी ५३ फुटांवर गेलें आणि ठिकठिकाणीं भिंतींवर त्याच्या खुणा राहिल्या. पुढें पुष्कळांनीं त्या खुणेलाच नदीची शेवटची मर्यादा मानलें. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीस पाणी ५७ फुटांच्या वर चढलें आणि राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच झालें. जुन्या खुणेच्या भरंवशावर जे घरांत राहिले, त्यांना माळ्यावर व छपरावर बसून नावेची वाट पाहावी लागली. त्याच महिन्याच्या ८ तारखेस सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें प्रमाणाबाहेर माणसें बसलेली नाव उलटली आणि दहांहून अधिक जीव गेले. वाट कोरडी होती तेव्हां निघालेल्या माणसास नावेची गरज पडत नाहीं. दोन वर्षांनीं, २०२१ च्या जुलैंत, पुन्हां महापूर आला.

पालक म्हणतील, "मास्तर, दरवेळीं सूचनेवरून घर सोडावयाचें, गुरें हलवावयाचीं, रोजगार बुडवावयाचा, आणि पाणी आलेंच नाहीं तर?" हा आक्षेप हलका नाहीं. हातावर पोट असलेल्या घरास चार दिवसांची मजुरी जड जाते, आणि कुलूप लावलेल्या घराची काळजी मनास खाते. परंतु याचें उत्तर आपल्या वाडीच्या देवस्थानांतच आहे. माझा धर्म निराळा असला तरी तेथील एक रीत मला फार शहाणपणाची वाटते. नदीचें पाणी मंदिरांत शिरून पादुकांवरून दक्षिणद्वारानें बाहेर पडूं लागलें म्हणजे भाविक तेथें स्नान करितात, हें सर्वांस ठाऊक आहे. पण पाणी वाढूं लागलें कीं पुजारी उत्सवमूर्ति वरच्या जागीं नेतात आणि पाणी ओसरल्यावर परत आणतात, याकडे आपण तितकें लक्ष देत नाहीं. पाणी लवकर उतरलें म्हणून मूर्ति हलविण्याचे श्रम फुकट गेले, असें कोणी म्हणतो काय? आमच्या शास्त्रांतील नोहानेंहि तारूं बांधलें तें पाऊस सुरू होण्यापूर्वींच. जी दक्षता मूर्तीसाठीं घ्यावी, ती घरांतील म्हाताऱ्या आईसाठीं व पाळण्यांतल्या मुलासाठीं कां घेऊं नये?

महापुराचा दोष आलमट्टीच्या फुगवट्याचा कीं नदीपात्रांतील अतिक्रमणांचा, हा वाद चालत राहील. दोन राज्यांची सरकारें व जाणते अभियंते तो करोत. त्याचा निकाल लागेपर्यंत आपणांस थांबतां येत नाहीं.

म्हणून विद्यार्थ्यांनो, पाढे पाठ करितां तसे हे आंकडे पाठ करा. बंधाऱ्यावर किती फूट झालें म्हणजे आपल्या गल्लींत पाणी येतें, हें घरांतील वडील माणसांस विचारून वहींत लिहून ठेवा. जुनी खूण दाखवितांना तिच्याहि वर पाणी येऊं शकतें, हें धाकट्या भावंडांस सांगा. शिधापत्रिका, सात-बारा, शाळेचे दाखले व औषधें एका पिशवींत बांधून ठेवा. घर सोडतांना विजेचें मुख्य बटण बंद करा आणि नेतां येत नसतील त्या गुरांचीं दावीं सोडा. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चुलीजवळच्या भिंतीवर लिहा. पूर पाहावयास पुलावर जाऊं नका. परत आल्यावर पाणी उकळूनच प्या, आणि अडगळींत हात घालण्यापूर्वीं काठीनें चाळवून पाहा, कारण पुरांत सापहि आसरा शोधीत असतो.

पालकांस माझी विनंती एवढीच कीं, इशारा पातळीस पाणी आलें आणि मुलगा किंवा मुलगी "आतां निघूं या" म्हणाली, तर तिला भित्री म्हणूं नका. तिनें शाळेंत शिकलेला धडा ती तुम्हांस म्हणून दाखवीत आहे, असें समजा, आणि तिच्या हातीं ती पिशवी द्या.

— एक शिक्षक