दाराचा घाव किती खोल?

चिंचवडगांवांत पवनेच्या कांठीं मोरया गोसावी यांचें समाधिमंदिर आहे. त्या परिसरांतील जुन्या वाड्यांपैकीं कांहीं अद्याप उभे आहेत. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. पुढें कारखान्यांची वसाहत चाकणपर्यंत पसरली आणि वाड्यांच्या शेजारीं बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. त्यामुळें आज एकाच कुटुंबांत दोन प्रकारचीं दारें आढळतात. थोरल्या घरीं भरीव सागवानी दार असतें, तर धाकट्यांच्या सदनिकेस प्लायवुडवर लांकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेलें सपाट दार. चरे दोहोंवर पडतात. उपाय मात्र एक नव्हे.

म्हणून प्रथम दार ओळखावें. कुलपाच्या खांचेंत पाहिलें असतां आडवे-उभे थर दिसले, तर वरचा पापुद्रा बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो. त्यावर कांचकागदाचे चार जोरकस हात फिरले कीं खालचें लांकूड उघडें पडतें, व तें पुन्हां झांकतां येत नाहीं. भरीव सागास ही भीति नाहीं.

नंतर चऱ्यावरून आडवें नख फिरवावें. नख अडकलें नाहीं, तर जखम पॉलिशापुरतीच आहे. मऊ फडक्यानें थोडें मेण चोळणें पुरे. सपाट दारावर नख अडकलें, तरी त्याच रंगाची मेणकांडी भरून थांबावें.

भरीव दारास पोचा आला असेल, तर तेथील तंतू पुष्कळदां तुटलेले नसून दबलेले असतात. तेवढ्या जागेचें पॉलिश काढून ओल्या फडक्याची घडी ठेवावी व तिच्यावर गरम इस्त्री कांहीं क्षण टेकवावी. वाफेनें तंतू फुगून वर येतात. पापुद्र्याच्या दारावर हा प्रयोग करूं नये. खालचा सरस सुटतो.

लांकूड तुटून खळगा पडला असल्यास सागाचा बारीक भुसा सरसांत कालवून किंचित् वर येईल इतका भरावा, कारण वाळतांना तो बसतो. पुरा वाळल्यावर आधीं १८० व मग ३२० नंबरच्या कागदानें, रेषांच्या दिशेनेंच, घासावें. स्पिरिटांतील लाखेचें पॉलिश पावसाच्या माऱ्यांत पांढरें पडतें. बाहेरच्या दारास बाहेरचेंच व्हार्निश हवें. पावसाळ्यांत तें लावूं नये. दसऱ्यानंतर लांकूड सुकलें म्हणजे दोन पातळ हात द्यावेत. जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यांत टाकूं नयेत. ते आपोआप पेट घेऊं शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवावी. जुन्या दारावर तैलरंगाचे थर असतील, तर त्यांत शिसें असण्याचा संभव आहे. आपल्या देशांत घरगुती रंगांतील शिशास दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्यापूर्वींच्या रंगांत तें कितीतरी अधिक असूं शकतें. असा रंग कोरडा खरवडूं नये, जाळूंही नये. पृष्ठभाग ओला ठेवावा, नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधावा, आणि काम पुरें होऊन जागा ओल्या फडक्यानें पुसली जाईपर्यंत लहान मुलांस व गर्भवतींस दूर ठेवावें. शिशाची धूळ मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करते.

वाडा उतरवितांना पुष्कळ घरीं दार भंगाराच्या भावानें जातें. कारण दिसतात ते कडीचे चरे, तोरणाच्या खिळ्यांचीं भोकें, तेला-कुंकवाचे डाग. हें सर्व बहुधा वरचेंच असतें. आंत लांकूड शाबूत असतें. दार देऊन टाकण्यापूर्वीं, वरील सावधगिरी घेऊन, त्यावरची एक वीत जागा साफ करून पाहावी. आंतून सागाची रेषा निघाली, तर सुतारास बोलवावें, गिऱ्हाईकास नव्हे.