बारा शब्द कुणाच्या हातात?



‘बायकांना पैशातलं काय कळतं?’ हा सवाल आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. आता त्याची नवी आवृत्ती निघाली आहे : ‘बायका नव्याला घाबरतात.’ बिटकॉइनसारखं आभासी चलन ठेवायचं एखादं नवं वॉलेट, म्हणजे मोबाईलमधलं पाकीट, आपल्यापुढे केलं जातं. त्याची अजून चाचणीच चालू असते, पण ‘आधी येईल त्याचा फायदा’ असं सांगितलं जातं. शंका काढली की आपण मागासलेल्या! पेण-रोह्याच्या बायकांनी तरी या टोमण्याला बधू नये. विश्वासाची किंमत या भागाने मोजलेली आहे.

सप्टेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण को-ऑपरेटिव्ह अर्बन बँकेवर निर्बंध आणले. बोगस कर्जखात्यांतून शेकडो कोटी रुपये गेले होते. सुमारे दोन लाख ठेवीदार अडकले. लग्नाकार्याची, आजारपणाची, म्हातारपणाची पुंजी गेली. त्या बँकेला परवाना होता, संचालक मंडळ होतं, हिशेबतपासणी होती. माणसं ओळखीची होती. यातलं काहीच कामाला आलं नाही.

तरी तिथे एक दार होतं. ठेवीदारांनी मोर्चे काढले, कोर्टात गेले, सरकारला जाब विचारला. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षणही असतं. तेव्हा ते एक लाखापर्यंत होतं, २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे. वॉलेटमधल्या चलनाला असा विमा नाही. एप्रिल २०२२ पासून सरकार त्यातल्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं. पण कर घेणारा बुडालेल्याची भरपाई देतो, असं कुणी समजू नये.

ही पाकिटं दोन प्रकारची. एकात चावी कंपनीकडे असते. मुंबईहून चालणाऱ्या वझीरएक्सचं पाकीट जुलै २०२४ मध्ये फोडलं गेलं आणि सुमारे दोन हजार कोटी रुपयांचं चलन चोरीला गेलं. खातेदारांना वर्षाहून अधिक काळ आपलं चलन काढता आलं नाही आणि निर्णयासाठी सिंगापूरच्या कोर्टाकडे डोळे लावून बसावं लागलं. रोह्याहून अलिबागच्या कलेक्टर कचेरीत जायचं तर आपल्या बाईची दिवसाची मजुरी बुडते. सिंगापूरच्या दारात मोर्चा कोण नेणार?

दुसऱ्या प्रकारात चावी आपल्याकडे. बहुतेक वेळा बारा इंग्रजी शब्द मिळतात. ते ज्याच्या हाती, पैसा त्याचा. हरवले तर पैसा कायमचा गेला. पण शब्द नीट जपले तरी प्रोग्रॅम कच्चा असेल तर काय? ऑगस्ट २०२२ मध्ये ‘स्लोप’ नावाचं वॉलेट वापरणाऱ्यांचे गुप्त शब्द स्वतःच बाहेरच्या सर्व्हरवर पाठवत असल्याचं उघड झालं. त्याच सुमारास हजारो पाकिटं रिकामी झाली होती. असा दोष मोबाईलच्या पडद्यावर दिसत नाही.

‘नवऱ्याला न कळता बाईला चार पैसे राखता येतील,’ असं काहीजणी म्हणतात. मारझोडीच्या घरातल्या बाईसाठी हा मुद्दा खरा आहे, तो उडवून लावू नये. पण मोबाईल कुणाच्या नावावर? ॲप कुणी टाकून दिलं? बारा शब्द कुणाच्या डायरीत? सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आपण झगडलो. खातं बाईचं आणि पासबुक नवऱ्याच्या खिशात, हेही पाहिलं. तीच गत इथे होणार असेल तर त्याला स्वातंत्र्य कशाला म्हणायचं?

आपल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, ‘हा पैसेवाल्यांचा खेळ, आपला विषय नाही.’ हेही पटत नाही. घरातला पैसा तिकडे वळला तर दागिना बाईचाच गहाण पडतो. म्हणून सवाल आपणच विचारायचे.

करणाऱ्यांची नावं-पत्ता काय? प्रोग्रॅम सर्वांना पाहायला खुला आहे का? बाहेरच्या कुणी तो तपासला का, अहवाल कुठे आहे? आधी सापडलेले दोष जाहीर केले का? उद्या हे ॲप बंद पडलं तर त्याच शब्दांनी दुसऱ्या पाकिटातून पैसा मिळेल का? आणि आपण आलो तर आणणाऱ्याला दलाली किती?

एकाचंही उत्तर धड मिळालं नाही तर पैसा घालायचा नाही. सगळी उत्तरं मिळाली तरी ‘चाचणी चालू’ असलेल्या पाकिटात बचत गटाचा एक रुपयाही जाता कामा नये. तो एकटीचा पैसा नाही. एखादीला शिकायचंच असेल तर तिने जरूर शिकावं, पण स्वतःच्या फोनवर, पूर्ण बुडाली तरी चूल अडणार नाही एवढ्याच रकमेवर. आणि बारा शब्द भाऊ, भाचा, नवरा, साहेब, कुणालाही सांगू नयेत.

येत्या बैठकीत हा ठराव गटाच्या वहीत लिहा, सगळ्याजणींच्या सह्या घ्या. विश्वास मागणाऱ्याने आधी हिशेब द्यावा. तो मागायला लाजायचं कारण नाही.